जुने औषध, अखेरचा आधार : कोलिस्टिन कोणासाठी राखायचे?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून धास्ती वाढविणारे मथळे येतात. चार दिवस चर्चा होते आणि अखेर दोषाचे खापर एकाच डोक्यावर फुटते : लोक अडाणी आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषधे घेतात, गोळ्यांचा ठरवून दिलेला क्रम पुरा करीत नाहीत. या आरोपात तथ्य मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु अतिदक्षता विभागांची अखेरची भिस्त आज ज्या मोजक्या औषधांवर आहे, त्यांपैकी एक असलेल्या कोलिस्टिनचा इतिहास पाहिला म्हणजे हे स्पष्टीकरण किती अपुरे आहे ते ध्यानात येते. गंभीर आजारात कोलिस्टिन रुग्णालयात शिरेवाटे दिले जाते. रोज बुडू नये म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून तापाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या मजुराशी त्याचा संबंध जवळजवळ येतच नाही. तरीही हे औषध निकामी होऊ लागले आहे. ते कोणी निकामी केले, हा प्रश्न म्हणूनच टाळता येण्यासारखा नाही.

अडगळीतून परत

पॉलिमिक्सिन या औषधकुळाचा शोध १९४७ च्या सुमारास अमेरिका व ब्रिटन येथे स्वतंत्रपणे लागला. त्याच कुळातील कोलिस्टिन जपानमध्ये कोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीत राहणाऱ्या एका जीवाणूपासून १९४९ च्या सुमारास वेगळे केले. १९५० चे दशक संपता संपता ते रुग्णांना टोचून दिले जाऊ लागले.

या औषधाची क्रिया मोठी उद्बोधक आहे. ग्रॅम-निगेटिव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जंतूंच्या पेशीभोवती दुहेरी आवरण असते. त्यातील बाहेरच्या आवरणावर ऋण विद्युत्भार असतो आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमचे कण ते आवरण सांधून धरतात. कोलिस्टिनचा रेणू धन विद्युत्भाराचा असल्यामुळे तो या कणांना हुसकावून त्यांची जागा घेतो. सांधे निखळतात, आवरण फाटते, पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात व जंतू मरतो.

परंतु औषध बिनधोक नव्हते. त्याने मूत्रपिंडांना इजा होते, मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. तुलनेने सुरक्षित अशी नवी प्रतिजैविके येत गेली, तसे १९७० व १९८० च्या दशकांत कोलिस्टिन माणसांच्या उपचारातून बहुतांशी बाजूला पडले. त्यावेळच्या परिस्थितीत डॉक्टरांचा हा निर्णय योग्यच होता.

पुढे रुग्णालयांतील क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास यांसारख्या जंतूंनी एकेका औषधाला दाद देणे बंद केले. कार्बापेनेम वर्गाची औषधे हा भक्कम तट समजला जात असे, तोही ढासळला. तेव्हा डॉक्टरांना तीस-चाळीस वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या कोलिस्टिनची आठवण झाली. मूत्रपिंडाला धोका आहे हे ठाऊक असूनही ते वापरणे भाग पडले, कारण दुसऱ्या पारड्यात रुग्णाचा जीव होता. जागतिक आरोग्य संघटनेने आज कोलिस्टिनला 'राखीव' औषधांच्या गटात ठेवले आहे. अन्य उपाय खुंटल्यावरच हात लावावा, असा त्याचा अर्थ.

रस नसलेले संशोधन

परत आलेल्या या औषधाविषयी मूलभूत माहितीच अपुरी आहे, हे लवकरच उघड झाले. आधुनिक औषधाला बाजारात येण्यापूर्वी ज्या कसोट्या द्याव्या लागतात, त्या त्याच्या काळी नव्हत्या. रुग्णाला जे टोचले जाते ते कोलिस्टिनचे निष्क्रिय रूप असते आणि शरीरात त्याचे सक्रिय औषधात रूपांतर होण्यास वेळ लागतो. म्हणून पहिली मात्रा मोठी द्यावी लागते, हे कळण्यासही बराच काळ गेला. एका देशात मात्रा लक्ष एककांत, तर दुसऱ्या देशात मिलिग्रॅममध्ये मोजली जाई. त्यातून गोंधळ माजला. ज्या औषधाची कमी मात्रा जंतूला मारीत नाही आणि अधिक मात्रा मूत्रपिंड निकामी करते, त्याच्या बाबतीत असा गोंधळ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

एवढ्या महत्त्वाच्या औषधाचा अभ्यास करण्यास औषध उद्योग पुढे का सरसावला नाही? उत्तर सरळ आहे. कोलिस्टिनवरील पेटंटचा काळ कधीच उलटला होता. जे कोणीही बनवू शकतो, त्याच्या अभ्यासावर खर्च केला तरी त्याचे फळ एकट्या कंपनीच्या पदरात पडत नाही. साहजिकच हे काम सार्वजनिक पैशावर करावे लागले. कोलिस्टिन एकटे द्यावे की मेरोपेनेमच्या जोडीने, या प्रश्नावर युरोपीय संघाच्या निधीतून इस्रायल, ग्रीस व इटलीत ४०६ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जोडीने औषध दिल्यामुळे लक्षणीय लाभ दिसला नाही. २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४३ टक्के व दुसऱ्या गटात ४५ टक्के होते. अनावश्यक जोडऔषध टाळण्यास या निष्कर्षाने आधार मिळाला. त्याबरोबर दुसरी गोष्टही उघड झाली : 'अखेरचे औषध' हाताशी असतानाही दहांतील चार रुग्ण हातचे जातात. कोलिस्टिन हा आधार आहे, पण तो रामबाण उपाय नाही.

नव्या औषधांची वाट पाहावी, असे कोणी म्हणेल. तेथेही बाजाराचा न्याय तोच आहे. प्लॅझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते बनविणाऱ्या अकाओजेन या कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे वर्षही पुरे होण्याच्या आत, दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध चालले, धंदा चालला नाही. राखून वापरायचे औषध जितके कमी खपेल तितके समाजाच्या हिताचे, आणि जितके अधिक खपेल तितके कंपनीच्या हिताचे. हा अंतर्विरोध कोणा एका कंपनीच्या वाईट वागणुकीतून आलेला नसून तो त्या व्यवस्थेच्या मुळाशीच आहे. २०१८ साली नोव्हार्टिससारख्या बड्या कंपनीनेही प्रतिजैविकांच्या संशोधनातून अंग काढून घेतले, त्याचे कारण याहून वेगळे नव्हते.

डुकरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य

माणसांच्या उपचारातून कोलिस्टिन बाजूला पडले, तरी त्याचे उत्पादन थांबले नाही. त्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले होते. दाटीवाटीने कोंडलेल्या डुकरांना व कोंबड्यांना खाद्यातून थोडे थोडे प्रतिजैविक दिले की त्यांची वाढ झपाट्याने होते, हा अनुभव पशुपालनाच्या उद्योगाने व्यापारी प्रमाणावर वापरला. आजारी प्राण्याला औषध देणे वेगळे. निरोगी प्राण्यांचे वजन वाढावे म्हणून त्यांना दिवसेंदिवस अल्प मात्रेत तेच औषध चारणे म्हणजे दाद न देणारे जंतू निवडून पोसण्यासारखे आहे.

त्याची फळे दिसण्यास वेळ लागला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी 'एमसीआर-१' या जनुकाचा शोध जाहीर केला. हे जनुक जंतूच्या बाह्य आवरणाचा ऋण भार कमी करते. मग कोलिस्टिनला तेथे चिकटण्यास जागाच उरत नाही. अशी क्षमता काही जंतूंत पूर्वीही आढळली होती. नवे व गंभीर होते ते हे की, हे जनुक एका जंतूतून दुसऱ्या जंतूत सहज जाऊ शकणाऱ्या प्लास्मिड या वर्तुळाकार धाग्यावर बसलेले होते. २०११ ते २०१४ या काळात गोळा केलेल्या नमुन्यांपैकी कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये आणि रुग्णालयातील १३२२ रुग्णांपैकी १६ जणांत असे जंतू सापडले. जनावरांत अधिक, माणसांत कमी : प्रवाहाची दिशा कोणती असावी, याचा अंदाज या आकड्यांवरून करता येतो.

या घटनेची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. खाद्यात वाढवर्धक म्हणून कोलिस्टिन मिसळण्यावर चीनने २०१७ साली बंदी आणली. २०१५ साली तेथील कोलिस्टिनचे उत्पादन सुमारे २७ हजार टन होते, ते २०१८ साली अडीच हजार टनांच्या आसपास आले. पाहणीत डुकरांतील एमसीआर-१ असलेल्या जंतूंचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरल्याचे आढळले, आणि माणसांतील प्रमाणही घटले. म्हणजे नुकसान अटळ नव्हते व ते सर्वस्वी अपरिवर्तनीयही नाही. शासनाने ठामपणे हात घातला तर निसर्ग साथ देतो.

भारतात काय झाले? येथेही कुक्कुटपालनात कोलिस्टिन वाढवर्धक म्हणून सर्रास विकले जात होते. २०१८ च्या आरंभी वृत्तपत्रीय शोधातून हा व्यापार चव्हाट्यावर आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ रोजी अधिसूचना काढून, अन्नासाठी पाळले जाणारे प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन व पशुखाद्य यांच्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. तथापि एमसीआर-१ चा शोध जाहीर झाल्यापासून या बंदीपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला, हे विसरून चालणार नाही. शिवाय बंदी एका औषधावर आली. प्रतिजैविके चारून वजन वाढविण्याच्या प्रथेचा प्रश्न त्याने सुटला नाही. युरोपीय संघाने वाढवर्धक म्हणून सर्वच प्रतिजैविकांचा वापर २००६ सालीच बंद केला होता.

याचे खापर छोट्या कुक्कुटपालकावर फोडणे हाही अन्यायच होईल. कराराच्या पद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधे कंपनीची. शेतकऱ्याची केवळ शेड, वीजपाणी आणि श्रम, आणि मोबदला वजनावर. पोत्यात काय मिसळले आहे हे ठरविणारा तो नसतो. जबाबदारी ठरवायची असेल तर ती पोते भरणाऱ्यापासून ठरविली पाहिजे.

पाळण्यातील रुग्ण

प्रश्नाची खरी तीव्रता कळण्यासाठी दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेला नवजात बालकांचा अभ्यास पाहिला पाहिजे. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ८८,६३६ जन्मांपैकी १३,५३० बालकांना नवजात अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. रक्तातील जंतुसंसर्गाच्या घटना बहुतांश जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच घडल्या. सर्वाधिक आढळलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर होता आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. तीन दिवसांच्या बालकाने कोणती औषधे चिठ्ठीवाचून घेतली होती? कोणता क्रम अर्धवट सोडला होता? औषधांना न जुमानणारे जंतू त्याच्या आधीच तेथे वस्तीला होते : प्रसूतिगृहात, खाटेवर, नळीवर, आणि दोन रुग्णांच्या मध्ये हात धुण्यास सवड न मिळालेल्या हातांवर.

'एनडीएम-१' या प्रकरणाची आठवण येथे समयोचित ठरेल. कार्बापेनेम औषधे निकामी करणाऱ्या या विकराचे नाव नवी दिल्लीवरून ठेवले गेले. २०१० साली त्यावर मोठा गहजब झाला : देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनावर आघात, परकीयांचे कारस्थान. शहराचे नाव रोगाला चिकटविणे गैर होते, हे खरे. संबंधित नियतकालिकाच्या संपादकांनी पुढे त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. परंतु एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये व साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हेच जनुक आढळले. नावावरून जितका संताप व्यक्त झाला, तितका पाण्यावरून झाला असता तर राजधानीतील वस्त्यांचे अधिक भले झाले असते. एनडीएम-१ असलेल्या जंतूंवर त्यावेळी जी थोडी औषधे चालत होती, त्यांत कोलिस्टिन होते. एका तटबंदीला भगदाड पडले की पुढच्या तटावर भार येतो, तो असा.

राखणे म्हणजे काय?

कोलिस्टिन राखले पाहिजे, यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद 'कसे' या ठिकाणी सुरू होतो. सोपा मार्ग असा सांगितला जातो की औषध महाग करावे, मिळणे अवघड करावे. या देशात त्याचा परिणाम काय होईल हे सांगण्यास फार विद्वत्ता नको. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला औषध गरज नसतानाही मिळेल आणि ज्याच्याजवळ नाही त्याचे मूल गरज असूनही वाचणार नाही. किमतीने केलेली राखण ही राखण नव्हे. ती केवळ वर्गवारी आहे. औषधाचा वापर रोगनिदानाने मर्यादित झाला पाहिजे, खिशाने नव्हे.

रोगनिदानाने मर्यादा घालायची तर प्रयोगशाळा हवी. कोलिस्टिनच्या बाबतीत ही गरज दुप्पट आहे. अन्य औषधांसाठी वापरली जाणारी चकतीची सोपी चाचणी येथे विश्वसनीय ठरत नाही. द्रव माध्यमात निरनिराळ्या प्रमाणांत औषध घालून करावयाची खर्चिक चाचणीच करावी लागते. जिल्हा रुग्णालयात जंतुसंवर्धनाची नियमित सोय नसेल, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची जागा रिकामी असेल, तर डॉक्टर अंदाजाने औषध देणार. त्याला दोष देऊन काय साधणार? तपासणीच्या निष्कर्षाला तीन दिवस लागतात आणि रुग्णाला तेवढी मुदत नसते.

परंतु सर्वात खात्रीची राखण औषधालयाच्या कुलपात नाही, ती वॉर्डात आहे. जो संसर्ग झालाच नाही त्यासाठी कोणतेही औषध खर्ची पडत नाही. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुता यावेत यासाठी वाहते पाणी, अतिदक्षता विभागात पुरेशा परिचारिका, एका पाळण्यात एकच बाळ, निर्जंतुक नळ्या, आणि फरशी पुसणाऱ्या कामगाराला हातमोजे व कायमची नोकरी : या साध्या गोष्टींनी कोलिस्टिनचे आयुष्य जितके वाढेल, तितके कोणत्याही परिपत्रकाने वाढणार नाही. सफाईचे काम दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटदाराकडे सोपवायचे, परिचारिकांच्या जागा भरायच्या नाहीत, आणि मग जंतू बळावले म्हणून जनतेला आरोग्यशिक्षणाचे धडे द्यायचे, हा प्रकार दांभिक आहे.

लोकांच्या मालकीची औषधे

या प्रश्नाला उत्पादनाचीही एक बाजू आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला तो जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने. १९६१ साली स्थापन झालेल्या आयडीपीएलच्या ऋषिकेश येथील प्रतिजैविकांच्या कारखान्यास सोव्हिएत संघाने मदत केली. प्रतिजैविके ही परदेशी मक्तेदारांच्या मर्जीवर सोडण्याची वस्तू नाही, ही त्यामागील दृष्टी होती. १९७५ च्या हाथी समितीने औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राकडे नेतृत्व असावे, असे सुचविले. प्रत्यक्षात या कारखान्यांची उपासमार झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा व हिंदुस्थान अँटिबायोटिक्स विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला.

या कारखान्यांच्या कारभारात दोष नव्हते असे नाही. परंतु कमी खपावे म्हणूनच बनवायचे औषध बाजाराच्या भरवशावर टिकत नाही, हे अकाओजेनच्या उदाहरणाने अमेरिकेतच सिद्ध झाले आहे. अशा औषधाला नफ्याची गरज नसलेला उत्पादक लागतो. देशात बुद्धीची उणीव नाही. एन्मेटाझोबॅक्टम हे संयुग चेन्नईत शोधले गेले; पुढचा विकास युरोपीय कंपनीच्या हाती गेला आणि २०२४ साली त्यावर आधारलेल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. उणीव आहे ती शोधापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा मार्ग लोकांच्या हाती ठेवणाऱ्या संस्थांची.

काही पावले पडली आहेत, ती नोंदविली पाहिजेत. २०१२ साली देशातील वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन 'चेन्नई घोषणापत्र' तयार केले. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला. माणसे, प्राणी व पर्यावरण यांचा एकत्र विचार करणारा राज्य पातळीवरील पहिला आराखडा केरळने २०१८ साली जाहीर केला. कागदावर दिशा ठरलेली आहे. तिच्यामागे निधी आणि मनुष्यबळ उभे करणे हा राजकीय इच्छेचा प्रश्न आहे.

म्हणून आरोग्य कर्मचारी, परिचारिका, कुक्कुटपालक शेतकरी व ग्राहक यांच्या संघटनांनी हा विषय केवळ तज्ज्ञांचा न मानता आपल्या मागणीपत्रात आणला पाहिजे. वाढवर्धक म्हणून कोणतेही प्रतिजैविक चारण्यास संपूर्ण बंदी आणि खाद्याच्या पोत्यातील घटकांची सक्तीने नोंद. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जंतुतपासणीची प्रयोगशाळा. परिचारिका व सफाई कामगारांच्या रिकाम्या जागा कायम स्वरूपात भरणे. खाजगी व सरकारी सर्व रुग्णालयांतील संसर्गाचे आकडे प्रसिद्ध करण्याचे बंधन. आणि राखीव प्रतिजैविकांचे उत्पादन व संशोधन सार्वजनिक क्षेत्रात. यांपैकी एकही मागणी विज्ञानाला अशक्य नाही.

मातीतील एका जीवाणूने दिलेले हे औषध माणसाने एकदा टाकून दिले, एकदा परत उचलले, आणि मधल्या काळात ते पशुखाद्यात उधळले. तिसरी संधी निसर्ग देईलच असे नाही. जी थोडी वर्षे हाताशी आहेत, त्यांत दिल्लीच्या वा नागपूरच्या, पाटण्याच्या वा कोईमतूरच्या रुग्णालयात जन्मणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यातच अखेरच्या औषधाची गरज पडू नये, एवढी व्यवस्था करता आली तरच कोलिस्टिन राखले असे म्हणता येईल.